गोल्फ खेळताना बाराव्या होलनंतर शॉर्ट काचते? मोठा साइज घेण्याआधी हे करून बघा

दोन वर्षं गोल्फ खेळताना माझा एकच प्रॉब्लेम होता. एका राउंडमध्ये अठरा होल, म्हणजे बॉल मारत मारत कपात घालायचे अठरा टप्पे. पहिले नऊ होल मस्त, दहावा-अकरावा ठीक, आणि बाराव्याच्या आसपास मांडीच्या आतल्या बाजूला चुरचुरायला सुरुवात. पंधराव्यापर्यंत आग व्हायची आणि अठराव्याच्या ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक गवतावर, पोचेपर्यंत लक्ष पटवर (बॉल कपात घालायच्या हलक्या फटक्यावर) नसायचंच, घरी जाऊन थंड पाण्याखाली कधी उभा राहतोय एवढंच डोक्यात. मग दोन-तीन दिवस खोबरेल तेल, कातडी बरी झाली की पुढचा रविवार, आणि परत तेच.

या दोन वर्षांत मी चार शॉर्ट घेतल्या. प्रत्येक वेळी एकच निष्कर्ष काढायचो, घट्ट होतेय, एक साइज मोठा घेऊ. ३४ वरून ३६ वर गेलो, मग ३६ मध्ये ढगळ फिट घेतला. त्रास कमी व्हायचा सोडून वाढला. आता तो पूर्ण गेलाय, आठ-नऊ महिने झाले आणि त्यात अख्खा एप्रिल-मे येऊन गेला, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. माझ्या ओळखीतले तीन-चार जण हेच सहन करत खेळतायत आणि त्यातल्या दोघांनी तर याच्यापायी चालणं सोडून कार्ट घ्यायला सुरुवात केली. चालत खेळायची मजा एका कपड्यामुळे घालवू नका.

उलगडा झाला तो माझ्या कॅडीमुळे, म्हणजे बॅग घेऊन बरोबर चालणाऱ्यामुळे. ऑक्टोबर हीटचा दिवस, तेराव्याच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभा होतो, तो म्हणाला, "साहेब, तुम्ही दर शॉटच्या आधी शॉर्ट खाली ओढताय." मला हे माहीतच नव्हतं. पुढचे पाच होल लक्ष ठेवलं तर खरंच, टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) लावून उठलो की ओढतोय, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) वर आलो की ओढतोय, पट वाचायला, म्हणजे ग्रीनचा उतार बघायला, बसून उठलो की ओढतोय. म्हणजे कापड दर वेळी वर सरकत होतं आणि मांडीच्या घडीत जाऊन गोळा होत होतं. घट्टपणाचा प्रश्न असता तर मोठ्या साइजने सुटला असता ना, इथे तर ढगळ असूनही वर चढत होतं.

दुसऱ्या दिवशी तीच शॉर्ट घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडे गेलो. त्यांनी गोल्फ कधी पाहिलेलं नाही, पण मी एकदा त्यांच्यासमोर वाकून आणि बसून दाखवलं तर दोन मिनिटांत म्हणाले, कंबर वाढवून काय उपयोग, आसन किती खाली आलंय बघा. आसन म्हणजे पुढून कंबरेच्या पट्टीपासून पायांच्या मधून मागच्या पट्टीपर्यंतचा भाग. मोठा साइज घेतला की कंबरेबरोबर आसनही खोल होतं आणि पायांच्या मधली शिवण शरीरापासून दोन-तीन बोटं खाली लोंबायला लागते. ऐकायला वाटतं की मग तर मोकळं होणार, पण होतं बरोब्बर उलट. शर्टाची बगल खाली उतरलेली असेल तर हात वर केला की अख्खा शर्ट पँटीतून बाहेर येतो की नाही, तसंच हे. आसन खाली असेल तर पाऊल उचललं की दोन्ही मांड्यांवरचं कापड एकत्र ओढलं जातं आणि पाय खाली आला तरी ते परत जागेवर जात नाही. उंच शिवण म्हणजे मोकळा पाय, खाली शिवण म्हणजे बांधलेला पाय. हे मला वयाच्या पंचेचाळिशीनंतर कळलं.

पण नवीन शॉर्ट घेण्याआधी एक काम करा, पुढच्या राउंडनंतर आंघोळीच्या वेळी नीट बघा की लाल नक्की कुठे झालंय. मी हे दोन वर्षं केलं नाही, ही माझी सगळ्यात मोठी चूक. जांघेच्या घडीत, अगदी रेघ ओढल्यासारखं लाल असेल तर बहुतेक वेळा शॉर्टचा काही संबंध नसतो, ते आतल्या सुती चड्डीचं इलॅस्टिक असतं. मांडीच्या आतल्या बाजूला, घडीपासून चार-पाच बोटं खाली, पसरट डाग असेल तर मांडीवर मांडी घासतेय नाहीतर शॉर्टची आतली शिवण घासतेय. कंबरेला पट्ट्याखाली पुरळ किंवा घामोळं असेल तर पट्टी. गुडघ्याच्या वर पुढच्या बाजूला असेल तर लांबी. चारही जागांचे उपाय वेगळे आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला की पैसे जातात, त्रास राहतो. माझ्याकडे पहिल्या दोन्ही जागा लाल होत्या, म्हणजे दोन प्रॉब्लेम एकात एक अडकलेले, आणि मी बदलत होतो तिसरंच काहीतरी.

आतल्या कपड्याचं आधी सांगतो कारण ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं निघालं. सुती कपडा आपल्याला लहानपणापासून चांगला म्हणून शिकवलाय आणि ऑफिसला, घरी तो चांगलाच आहे. पण कापूस घाम न येताही नुसत्या हवेतली ओल धरून स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी बाळगून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम आला की सुती कपडा तो पिऊन घेतो आणि सोडत नाही. ओलं झालेलं सुती कापड कातडीला चिकटतं, ओल्या कातडीवर घासणं कोरड्यापेक्षा जास्त होतं, आणि घाम वाळला की मागे मीठ राहतं, ते बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतं. म्हणून पहिल्या नऊ होलला काही जाणवत नाही आणि दोन-अडीच तासांनी सुरू होतं. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबला खेळायला गेलो की हेच मला बाराव्याऐवजी सातव्या-आठव्यालाच व्हायचं, तिथली दमट हवा, घाम वाळतच नाही.

उपाय म्हणजे आतून मांडीपर्यंत येणारी, अंगाला लागून बसणारी, पॉलिस्टर किंवा नायलॉन आणि स्ट्रेचवाली इनर. रनिंगवाले लोक घालतात तीच. बघायच्या दोन गोष्टी, एक म्हणजे तिची लांबी जिथे लाल होतं त्या जागेच्या निदान दोन बोटं खाली जायला हवी, तिथेच संपली तर तिची कड काचते आणि त्रास अजून वाढतो. दुसरी म्हणजे मांडीच्या आतल्या बाजूला उभी शिवण नको, आणि असलीच तर चपटी हवी, हाताच्या बोटाने फिरवून बघा, उंचवटा लागला तर ठेवून द्या. ज्यांना इनर घालून गरम होतं त्यांनी निघायच्या आधी व्हॅसलीन लावा, चालतं, पण अठरा होल पुरत नाही, नऊ होलनंतर परत लावावं लागतं. खोबरेल तेल राउंडनंतर ठीक, आधी लावलं तर शॉर्टवर डाग पडतात आणि ते पॉलिस्टरवरून लवकर निघत नाहीत.

आता शॉर्टकडे येऊ. गोल्फमध्ये शरीर काय काय करतं ते एकदा मोजलं तर कळतं की साध्या बर्म्युडाने हे का होत नाही. कार्डावर कोर्स सहा हजार यार्डांच्या आसपास दिसतो, म्हणजे साडेपाच किलोमीटर, पण बॉल सरळ जातो कुठे, एका ग्रीनवरून पुढच्या टीवर चालत जायचं ते वेगळं, आठ-नऊ किलोमीटर आरामात होतात. त्यात टी लावायला वाका, मार्कर (ग्रीनवर बॉलची जागा दाखवणारी चकती) ठेवायला वाका, बॉल उचलायला वाका, कपातून काढायला वाका, एका होलला चार धरले तर बहात्तर वेळा. पट वाचायला उकिडवं बसायचं. बंकरच्या काठावरून एक पाय वर टाकून चढायचं. बावधनजवळच्या ऑक्सफर्डसारख्या चढउताराच्या कोर्सवर तर अर्धा वेळ एक पाय वर आणि एक खालीच असतो. आणि प्रत्येक स्विंगला कंबर फिरते, फॉलो-थ्रूला (बॉल मारून झाल्यावर क्लब पुढे जातो तेव्हा) उजवा गुडघा डाव्याला येऊन टेकतो, म्हणजे मांड्या एकमेकींवरून घासून जातात. उभं राहून आरशात बघायला जी शॉर्ट छान दिसते तिला यातलं एकही काम करायचं नसतं.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे आसनातली ती एक जागा जिथे चार शिवणी येऊन भेटतात, पुढची, मागची आणि दोन्ही पायांच्या आतल्या. चार शिवणींचा गोळा, आणि तो बरोब्बर तिथे जिथे सगळ्यात जास्त हालचाल. आपल्याकडे काष्ट्याचं लुगडं नेसून बायका अख्खा दिवस वाकून भात लावायच्या, त्यात मांडीला काही अडायचं नाही कारण तिथे शिवणच नसते, कापड पायाबरोबर फिरतं. चांगल्या शॉर्टमध्ये हे काम एक छोटा तुकडा करतो, शंकरपाळ्याच्या आकाराचा, चारही शिवणींच्या मध्ये बसवलेला, आमचे टेलरकाका त्याला कळी म्हणतात. तो असला की शिवणी एका ठिकाणी न भेटता बाजूला जातात आणि पाय फाकवायला जादा कापड मिळतं, आसन खाली न आणता. दुकानात शॉर्ट उलटी करून बघा, तुकडा आहे की नाही लगेच दिसतं. ट्रेकिंगच्या पँटींमध्ये बऱ्याचदा असतो, गोल्फच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच शॉर्टमध्ये असतो असं समजू नका, माझ्या चारपैकी एकीतही नव्हता.

दुसरं म्हणजे मागचं आसन पुढच्यापेक्षा उंच हवं. आपण बॉलवर उभे राहतो ते कंबरेतून वाकून, तेव्हा मागचं कापड खाली ओढलं जातं, शर्ट सुटतो, कंबर उघडी पडते आणि मग आपण पट्टा आवळतो. पट्टा आवळला की खाली बसताना पोटात रुततो. टेपने मोजा, पुढची पट्टी ते ती मधली जागा एक माप, मागची पट्टी ते तीच जागा दुसरं माप, मागचं निदान दोन-तीन इंच जास्त पाहिजे. शर्ट सुटू नये म्हणून काही शॉर्टना कंबरेच्या आतून रबरासारखी सिलिकॉनची पट्टी असते, ती कामाची आहे, शर्ट खरंच जागेवर राहतो, पण पुण्याच्या मे महिन्यात माझ्या कंबरेला तिथे घामोळं उठलं, म्हणून मी सलग पट्टीऐवजी तुटक तुटक ठिपक्यांची घेतो आणि शर्ट तिच्या आत कातडीला लागून असा खोचतो की पट्टी शर्टावर बसेल, अंगावर नाही.

कापड स्ट्रेचवालं हवं, आणि स्ट्रेच आडवा-उभा दोन्हीकडे. हातात धरून आधी आडवं ताणा, मग उभं ताणा, आणि सोडल्यावर लगेच परत जातं का बघा. फक्त आडवं ताणलं जात असेल तर उकिडवं बसल्यावर गुडघ्यावर अडकणार. लेबलवर पॉलिस्टर किंवा नायलॉनबरोबर इलॅस्टेन किंवा स्पँडेक्स असं लिहिलेलं असतं. खूप पातळ कापडाच्या नादाला लागू नका, हातात हलकं वाटतं पण घामाने पारदर्शक होतं आणि खिशात बॉल टाकला की तिथून खाली लोंबतं. रंगाचं थोडक्यात सांगायचं तर फिकट राखाडीवर घाम सगळ्यात जास्त दिसतो, नेव्ही ब्लूवर जवळपास नाही, आणि पावसाळ्यात पांढरी कपाटातच राहू दे.

खिशाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. गोल्फ बॉलचा व्यास नियमानुसार कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर असतो, वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, म्हणजे हलकी पण लठ्ठ वस्तू. असे दोन बॉल एका खिशात टाकले की खिसा मांडीच्या पुढे फुगतो आणि त्या बाजूचं सगळं कापड ओढून घेतो, मग तुम्ही कितीही चांगलं आसन शोधा, एक पाय वर चढणारच. मी आता खिशात एकच बॉल ठेवतो, दुसरा बॅगेत. टी टोकदार असतात, त्या पुढच्या मोठ्या खिशात टाकल्या की बसताना टोचतात आणि जाळीचं अस्तर असेल तर दोन महिन्यांत भोक पडतं. त्यासाठी वेगळा छोटा खिसा असलेली शॉर्ट मिळाली तर घ्याच, नाहीतर मार्कर आणि टी हातमोज्याबरोबर मागच्या खिशात. खिसा किती खोल आहे हे हात घालून बघा, मनगटापर्यंत जायला हवा, नाहीतर कार्टमध्ये बसलं की बॉल सीटवर घरंगळतो. फोन बॅगेतच, त्याच्या वजनाने काय होतं ते एकदा खिशात ठेवून दोन होल चालून बघा म्हणजे कळेल.

बायकांच्या शॉर्टमध्ये तर खिशाचा प्रश्न अजून मोठा आहे. माझी बायको खेळते, तिने तीन दुकानं पालथी घातली, सगळीकडे एकतर खिसे नुसते दाखवायचे नाहीतर इतके उथळ की बॉल अर्धा बाहेर. शेवटी तिने स्कॉर्ट घेतला, बाहेरून स्कर्ट आणि आतून अंगाला बसणारी शॉर्ट, बॉलचा खिसा त्या आतल्या शॉर्टला मांडीवर असतो. तिला मांडी घासायचा त्रास त्यात आपोआपच गेला कारण इनर आधीच आत आहे.

लांबी क्लबच्या नियमावर आणि तुमच्या उंचीवर. आपल्याकडच्या बहुतेक क्लबांत कॉलरचा शर्ट खोचलेला, शॉर्ट शिवलेल्या पँटीसारखी आणि गुडघ्याच्या आसपास, डेनिम नाही, बाजूला मोठे खिसे असलेली कार्गो नाही, नाडीची स्पोर्ट्स शॉर्ट नाही. पाहुणा म्हणून दुसऱ्या क्लबात जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा, मला एका क्लबात, नाव नको, शॉर्ट गुडघ्याच्या चार बोटं वर होती म्हणून दारातून परत जाऊन फुल पँट घालून यावं लागलं आणि टी-टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) गेला. आतल्या शिवणीची लांबी म्हणजे ती मधली जागा ते खालची कड, माझी उंची पाच फूट सात इंच आहे आणि नऊ इंची शॉर्ट बरोब्बर गुडघ्याच्या वर येते, सात इंची क्लबात खटकते, अकरा इंची गुडघा झाकते आणि मग बसताना तिथे अडते. कोणी म्हणालं की शॉर्ट म्हणजे गोल्फला शोभत नाही तर सांगा, युरोपियन टूरने २०१६ मध्ये आणि पीजीए टूरने फेब्रुवारी २०१९ मध्ये सरावाला आणि प्रो-ॲमला (प्रो आणि हौशी एकत्र खेळतात तेव्हा) खेळाडूंना शॉर्ट घालू दिली, २०२२ मध्ये लिव्ह या नव्या टूरवाल्यांनी तर मुख्य स्पर्धेतच चालवली.

ट्रायल रूममध्ये मी आता काय करतो ते सांगतो, दहा मिनिटं लागतात, सेल्समन बघतो तर बघू दे. घरून येताना एक बॉल आणि तीच इनर घालून जातो जी कोर्सवर घालणार. बॉल खिशात, पट्टा लावायचा. आधी पट वाचतो तसं पूर्ण उकिडवं बसायचं, पाच मोजायचे, उठायचं आणि शॉर्टला हात न लावता आरशात बघायचं, कड जिथे होती तिथे परत आली का. हा एकच प्रश्न. आली नाही तर मी तिथेच काढून ठेवतो, कितीही आवडली तरी. आली तर मग वाकून जमिनीला हात लावायचा आणि मागे शर्ट सुटतो का बघायचं, ट्रायल रूमच्या स्टुलावर एक पाय ठेवायचा म्हणजे बंकर झाला, आणि शेवटी क्लब नसला तरी पूर्ण फॉलो-थ्रू करून तिथेच थांबायचं, आसनात कुठे ताण येतोय ते थांबल्यावरच कळतं. ऑनलाइन घेत असाल तर घरी हेच करा, लेबल काढायच्या आधी.

आणि आत्ता घरात ज्या शॉर्ट पडल्यात त्या टाकू नका. माझ्या चारपैकी दोन टेलरकाकांनी वाचवल्या, ३४ वाली होती तिला आसनात कळी बसवली, त्यासाठी पायाच्या दाबणीतलंच कापड निघालं, आणि एका ३६ वालीचं आसन वर घेऊन कंबर आत घेतली. फक्त स्ट्रेचच्या कापडाला साधी सुई आणि साधी सरळ शिलाई चालत नाही हे आधीच बोलून घ्या, पहिल्या वेळी सरळ टाके टाकले ते दुसऱ्याच रविवारी तिसऱ्या होलवर उसवले, मग त्यांनी स्ट्रेचची सुई आणून झिगझॅग मारला, तो अजून टिकलाय.

धुण्याचं राहिलं. कपडे मऊ करायचं ते सुगंधी लिक्विड या शॉर्टना आणि इनरना अजिबात घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम पसरून वाळायचा तो वाळत नाही. ब्लीच नाही, त्याने स्ट्रेच मरतो. ड्रायर आणि कडक इस्त्री पण नाही. राउंडवरून आलो की मी लगेच बादलीत साध्या पाण्यात बुडवून ठेवतो म्हणजे मीठ निघून जातं, गाडीच्या डिकीत घामट पिशवीत दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली की वास बसतो तो जात नाही. पावसाळ्यात मात्र बादलीत टाकायच्या आधी कडेवरची कुसळं एकेक काढा, रफमधून (कडेच्या उंच गवतातून) चालल्यावर ती शॉर्टच्या दुमडीत आणि मोज्यांत घुसतात, मशीनमध्ये गेली की इनरच्या कापडात रुतून बसतात आणि पुढच्या रविवारी परत मांडी लाल होते, तेव्हा शॉर्टला दोष देण्याआधी इनर उलटी करून उजेडात बघा.